पाण्यातली कोपऱ्याची जागा

तळ्यात पाणी पुष्कळ होतं, म्हणून जागाही पुष्कळ असेल, असा माझा समज होता. हा समज बहुधा तळ्याकडे घराच्या खिडकीतून बघण्यामुळे झाला. खिडकीतून पाहिलं तर पलीकडे वाळूची पट्टी, तिच्याही पलीकडे समुद्र, आणि अलीकडे एवढं सगळं खारं पाणी नुसतं रिकामं पडलेलं. त्यात एक होडी बांधायला कितीसा वेळ लागणार? "शनिवारी सकाळी जाऊ, जागा बघू, जेवायला घरी," असं मी बायकोला म्हणालो. हे वाक्य ती अजून मला ऐकवते. शक्यतो पाहुण्यांसमोर.

होडी सासऱ्यांची. सासरे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात कोरायचे आणि संध्याकाळी घरामागे लाकूड कोरायचं, अशी वर्षानुवर्षं काढून त्यांनी ती स्वतःच्या हाताने बांधली. दोन्हीकडे अवजारं तीच वापरली जायची, असा माझ्या मेहुण्याचा आरोप आहे. तो सिद्ध झालेला नाही. होडीला शीड आहे, सुकाणू आहे आणि एक छोटी केबिन आहे. केबिनमध्ये दोन माणसं बसू शकतात, मात्र त्यांचं एकमेकांशी बरं असावं लागतं. सासरे तिला 'होडी' म्हणतात. बायको घरात 'होडी' म्हणते आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांसमोर 'यॉट' म्हणते.

सासरे आपलं घर विकून आमच्याकडे राहायला आले तेव्हा दोन बॅगा खोलीत आल्या आणि होडी तळ्याकाठच्या दुरुस्तीच्या कारखान्यात गेली. तिथे ती महिनाअखेरपर्यंत राहू शकत होती. पुढे कारखान्याला जागा हवी होती. होडी तळ्यात बांधून ठेवायची तर तळे कार्यालयाची परवानगी हवी, आणि परवानगी हवी तर होडी कुठे बांधणार ती जागा आधी नक्की करायला हवी. नाही झाली तर काय, याचंही उत्तर कारखानदाराकडे तयार होतं. काठावरच्या हॉटेलवाल्याला ती हवी होती. तो ती मधोमध कापून पुढच्या अर्ध्या भागाचा आइस्क्रीमचा काउंटर करणार होता.

"आणि मागच्या अर्ध्याचं?" मी विचारलं.

"तिथे हात धुवायचं बेसिन," कारखानदार म्हणाला. त्याला ती कल्पना मनापासून आवडलेली दिसली.

सासऱ्यांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे." आमच्याकडे आल्यापासून ते जवळजवळ तीनच गोष्टी बोलत होते. चहाला 'चालेल', बाकी सगळ्याला 'असू दे', आणि होडीची गोष्ट निघाली की 'तुम्ही ठरवा, जावईबापू'. एके काळी समोरच्या माणसाच्या तोंडात कापूस कोंबून तासन्‌तास गप्पा मारणारा हा माणूस. बायको मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "अहो, ती होडी गेली ना, तर बाबा आहेत तेवढंही बोलायचे नाहीत. काहीही करा, पण जागा शोधा."

इथे एक खुलासा. मी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. म्हणजे वस्तू बुडाली की मला बोलावतात. बुडायच्या आधी हजर राहण्याची माझी ही पहिलीच वेळ होती.

शनिवारी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. वल्ह्याची होडी भाड्याने घेतली. होडीवाला दात कोरत बसला होता, त्याने एक हात पुढे करून बायकोला आत घेतलं, मला मात्र स्वतःचा स्वतः येऊ दिलं. सासरे काठावरच्या बाकावर बसले. "तुम्ही बघून या," ते म्हणाले. "मी चपला सांभाळतो." चपला आम्ही काढल्याच नव्हत्या. पण मोठ्या माणसाला अशा वेळी उलट विचारू नये, म्हणून आम्ही दोघांनी चपला काढून त्यांच्याजवळ ठेवल्या आणि अनवाणी निघालो.

आता, होडीसाठी जागा कशी बघतात हे आम्हाला कुठे माहीत होतं? आम्ही आयुष्यात एकच जागा बघितली होती, ती म्हणजे राहता फ्लॅट. तोच अनुभव कामाला लावला. बायकोने पहिल्याच ठिकाणी विचारलं, "इथे दुपारचं ऊन येतं का हो?"

होडीवाल्याने वर आकाशाकडे पाहिलं. "सगळीकडेच येतं, ताई."

"वारा?"

"तोही."

"समोर पुढेमागे काही उभं राहणार नाही ना?"

"समोर समुद्र आहे."

"तेच विचारतेय. भरवसा काय?"

अशा रीतीने आम्ही पाण्यावर अर्धा दिवस फिरलो. एक जागा बाजाराला जवळ होती, पण तिथे वास यायचा. एक जागा शांत होती, पण इतकी शांत की बायकोला भीती वाटली. शेवटी उत्तरेकडे, लव्हाळ्याच्या आडोशाला, एक छोटंसं वळण सापडलं. दोन बाजूंनी आडोसा, वारा मंद, समोर सूर्यास्त. "कोपऱ्याची जागा," बायको हळूच म्हणाली. ती हळू बोलली कारण होडीवाला भाव वाढवेल अशी तिला शंका आली. होडीवाल्याचा त्या जागेशी काही संबंध नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

परतल्यावर मी सासऱ्यांना सगळं वर्णन करून सांगितलं. त्यांनी चपला पुढे सरकवल्या. "छान आहे," ते म्हणाले. "तुम्ही ठरवलंत ना, मग झालं."

इथपर्यंत गोष्ट आमच्या घरातली होती. संध्याकाळी ती जिन्यात गेली.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर कॅप्टन राहतात. ते बोटीवर कधीच नव्हते. कचेरीच्या कॅरम संघाचे कप्तान होते, तेव्हापासून हे नाव चिकटलं. पण नावाचा माणसावर परिणाम होतो. पाण्यासंबंधी कुठलाही प्रश्न आला की ते हनुवटी वर करून लांब बघतात. "मधोमध बांधा," ते म्हणाले. "चारी बाजूंनी मोकळं. राणी नेहमी मधोमध असते."

"मधोमध काय?" वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकल्या. "मधोमध असलं की सगळ्यांचा डोळा. कोपराच बरा. कोणता म्हणालात कोपरा?"

मी सांगितला. ही माझी चूक. कंपनीच्या कामावर असतो तर मी हा दावा जागच्या जागी फेटाळला असता.

"अर्ज करून बसाल आणि तोवर कुणीतरी जागा धरेल," कॅप्टन म्हणाले. "आधी रुमाल टाका."

हे मात्र पटलं. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पाण्यावर रुमाल टिकत नाही एवढाच फरक. मी तेलाचा रिकामा डबा घेतला, झाकण घट्ट लावलं, लांबून दिसावा म्हणून त्याला पिवळा रंग दिला, दोरीला दगड बांधला आणि दुसऱ्या दिवशी होडीवाल्याबरोबर जाऊन तो आमच्या कोपऱ्यात सोडला. डबा पाण्यावर डुलत उभा राहिला. एवढी मोठी स्थावर मालमत्ता माझ्या नावावर पहिल्यांदाच होत होती. घरी येताना मी थोडा ताठ चालत होतो, असं बायको म्हणते.

दोन दिवसांनी बघायला गेलो तर माझ्या डब्याशेजारी दुसरा डबा होता.

"माझा आहे," काकूंनी जिन्यातच कबूल केलं. "म्हटलं, तुम्हाला शेजार चांगला असावा."

"पण काकू, तुमच्याकडे होडी कुठे आहे?"

"होडीचं काय मेलं, होडी कधीही घेता येते. जागा मिळते का?"

कॅप्टननी दोन डबे सोडले होते, एक स्वतःसाठी आणि एक मुलीसाठी, कारण मुलीचं सासर तसं पाण्यापासून लांब. मग पलीकडच्या इमारतीने ऐकलं. मग बाजाराने ऐकलं. तळ्यावर काहीतरी वाटप चालू आहे, आणि आपल्याला कळवलेलं नाही, एवढं कानावर पडणं पुरेसं होतं. लोक डबे, बरण्या, फुटके टब घेऊन काठावर रांगेत उभे राहू लागले. होडीवाल्याचं दात कोरणं बंद झालं. त्याला वेळच उरला नाही. तो आता गिऱ्हाइकाला विचारायचा, "दर्शनी हवी की आतली?"

आणि सगळे डबे पिवळे. कारण पहिला डबा पिवळा होता, तेव्हा पिवळा हा सरकारी रंग असणार, असा लोकांनी तर्क केला होता. एके संध्याकाळी मी काठावर उभा राहून माझा डबा शोधला. सापडला नाही. जो माणूस जळलेल्या गोदामातून मालकाचं कपाट ओळखून काढतो, त्याला स्वतःचा डबा ओळखता आला नाही. माझ्या स्वाभिमानाला हा धक्का होता, आणि तो बघायला शेजारी काकू उभ्या होत्या.

"तो बघा तुमचा," त्या म्हणाल्या. "माझ्या मागचा."

"मागचा? मी आधी टाकला होता!"

"वाऱ्याने फिरतात हो. त्यात माझा काय दोष?"

तळे कार्यालय काठावरच आहे. जुनी दगडी इमारत, मागे स्वतःचा धक्का. आत एक साहेब बसतात. मवाळ माणूस. कुणाला नाही म्हणताना त्यांना इतकं वाईट वाटतं की ते नाही म्हणतच नाहीत, फक्त पुढची तारीख देतात. त्यांनी माझा अर्ज वाचला.

"तुमच्याकडे होडी आहे?" त्यांनी दचकून विचारलं.

"आहे. म्हणूनच तर..."

"मग अवघड आहे. होडी असली की होडीची तपासणी आली. लांबी, रुंदी, वाऱ्यावर किती फिरते, शेजारच्याला लागते का. बाकीच्या अर्जांत ती भानगडच नाही."

"बाकीच्यांकडे होड्याच नाहीत, साहेब."

"तेच तर. तपासायलाच काही नाही. ते लवकर होतील." मग माझा चेहरा बघून ते म्हणाले, "काळजी करू नका. आपण आधी जागेवर पाहणी करू."

पाहणीच्या आदल्या रात्री समुद्राने वाळूच्या पट्टीचं तोंड उघडलं. हे आमच्या तळ्याचं जुनं वागणं आहे. बरेच महिने ते तोंड वाळूने बंद असतं आणि पाणी चढत जातं, मग एक दिवस भरतीला वाळू फुटते आणि पाणी धो-धो समुद्रात जातं. खिडकीतून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की काठ जरा पुढे आला. आम्ही सकाळी साहेबांना घेऊन पोचलो तेव्हा आमच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब नव्हता. काळाशार चिखल, आणि त्यात आडवे पडलेले पिवळे डबे. मला सगळ्यात आधी बरं वाटलं. आमची होडी तिथे बांधलेली असती तर ती चिखलात कुशीवर पडली असती. पाहणीला मग मलाच जावं लागलं असतं, कंपनीतर्फे.

बाकीच्यांना असं काही वाटलं नाही. "आता हद्दी तरी नीट दिसतात," काकू म्हणाल्या, आणि साडी सावरून चिखलाच्या कडेला उभ्या राहून कॅप्टनशी भांडू लागल्या. कॅप्टनच्या मुलीचा डबा काकूंच्या डब्यावर पडला होता.

साहेबांनी फाइल मिटली. "पाणी परत भरल्यावर पाहणी करू," ते म्हणाले. "तोपर्यंत सगळे अर्ज प्रलंबित."

"पाणी कधी भरेल?"

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही."

आणि महिना संपत आला होता.

कारखानदाराचा निरोप आला तेव्हा आम्ही तिघं गेलो. हॉटेलवाला आधीच आला होता. हातात टेप होती, आणि त्याने होडीच्या मधोमध खडूने एक सरळ पांढरी रेघ मारली होती. माणूस सभ्य होता. सासऱ्यांना बघताच त्याने खडू पाठीमागे लपवला.

"डॉक्टरसाहेब, काउंटरवर तुमचं नाव घालतो. मोठ्या अक्षरात."

सासऱ्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी बोट पुसलं. "चालेल," ते म्हणाले.

बायको आजवर वडिलांवर ओरडलेली मी पाहिली नव्हती. "काय चालेल, बाबा? काय चालेल? आम्ही महिनाभर चिखल तुडवतोय, काकूंशी बोलणं बंद झालंय, आणि तुमचं आपलं चालेल! एकदा तरी सांगा ना, तुम्हाला कुठे हवी होती ती? मधोमध? कोपऱ्यात? कुठे?"

कारखान्यातला करवतीचा आवाज थांबला. हॉटेलवाला अदबीने दुसरीकडे बघू लागला.

"कुठेही बांधली तरी तेच ना गं," सासरे म्हणाले. "पाण्यात बांधली म्हणजे छोट्या होडीतून जायचं आणि हिच्यात चढायचं. गुडघा एवढा वर घ्यावा लागतो." त्यांनी हात छातीपर्यंत नेला. "माझा घेता येत नाही. दोन वर्षं झाली. मी काठावरूनच बघणार होतो. मग तुम्हाला सोयीची ती जागा. मी काय वेगळं सांगणार?"

"पण मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, राहू दे मग होडी."

आम्ही दोघं अगदी तेच म्हणालो असतो. ऊन, वारा, शेजार, सूर्यास्त, सगळं आम्ही विचारलं होतं. मालक आत शिरणार कसा, एवढं विचारायचं राहिलं होतं. फ्लॅटला दार असतंच, म्हणून असेल.

"म्हणजे काठाला लागून हवी," बायको डोळे पुसत म्हणाली. "जमिनीवरून सरळ पाय टाकता येईल अशी. अहो, अशी जागा कुठे आहे?"

अशी जागा तळ्यावर एकच होती. कार्यालयाच्या मागचा धक्का. पाणी उतरलं तरी तिथे खोल असतं. तळ्यातलं सगळ्यात चांगलं पाणी कार्यालयाने पहिल्यापासून स्वतःकडे ठेवलं आहे. तिथे कार्यालयाची पाहणीची बोट लागायची. ती दुरुस्तीला गेली ती परत आलीच नव्हती. मी हॉटेलवाल्याला म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबा." तो म्हणाला, "थांबतो की. कापायचं म्हटल्यावर मलाही कसंतरीच होतंय."

साहेब डबा उघडून जेवायला बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खडूची रेघ सांगितली, गुडघा सांगितला. साहेबांनी घास खाली ठेवला.

"धक्क्यावर परवानगी देता येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "परवानगी तळ्याची असते. धक्का तळ्यात येत नाही, आवारात येतो."

"आवारात काय काय ठेवता येतं?"

"आवारात काही ठेवता येत नाही. कामासाठी आलेल्या लोकांची वाहनं सोडून." ते बोलता बोलता थांबले. खिडकीबाहेर सायकली आणि स्कूटर लावलेल्या होत्या. "तुम्ही इथे कामासाठीच आला आहात ना?"

"हो, साहेब."

"काम झालं?"

"नाही, साहेब. प्रलंबित आहे."

"काम होईपर्यंत वाहन आवारात ठेवता येतं," साहेब सावकाश म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाला हो म्हणायची संधी मिळाली होती, आणि ते ती चावून चावून खात होते. "वाहन किती चाकी असावं, असं कुठे म्हटलेलं नाही."

त्याच दिवशी क्रेनने होडी पाण्यात उतरवली. हॉटेलवाल्याने स्वतः ओल्या फडक्याने रेघ पुसली. होडीवाल्याने ती ओढत आणली, आणि मी ती धक्क्याला बांधली. सासरे धक्क्यावर आले, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि होडीत उभे राहिले. गुडघा वाकवायचीही गरज पडली नाही. त्यांनी सुकाणूवर हात ठेवला, आजूबाजूला बघितलं, आणि त्यांचं लक्ष माझ्या दोरीकडे गेलं.

"जावईबापू, ही गाठ आहे की केसांचा गुंता? सोडा ती. अशी बांधतात का? शीड ओलं ठेवलंय कुणी? आणि ही फळी कुणी हलवली? त्या कारखानदाराला काही अक्कल..."

ते संध्याकाळपर्यंत बोलत होते. परतीच्या वाटेवर बोलले, जेवताना बोलले. माझ्या गाठीवर बोलले, माझ्या कंपनीवर बोलले, जावई म्हणून माझी निवड कशी झाली होती त्याचीही हकीकत निघाली. बायको ताटात बघून हसत होती. माझा इतका अपमान एका दिवसात पूर्वी कधी झाला नव्हता, आणि मला इतकी शांत झोपही बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

पुढे पाणी परत चढलं. डबे तरंगले. आणि एका सकाळी आम्ही धक्क्यावर असताना साहेब हसतमुखाने बाहेर आले. पाहणी झाली होती. "अभिनंदन! तुमचा अर्ज मंजूर होतोय. कोपऱ्याचीच जागा. आता वाहन हलवा."

सासरे केबिनमधून डोकावले आणि बोलता बोलता गप्प झाले.

"हरकत आहे," बायको म्हणाली.

"कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"आपण यांच्या कोण?"

"बायको."

"मग असणारच," साहेब म्हणाले. "कारण काय लिहू?"

"त्या जागेला शेजार चांगला नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग होडीतल्या म्हाताऱ्या माणसाकडे बराच वेळ बघितलं. "हरकत आली म्हणजे सुनावणी आली," ते म्हणाले. "सुनावणीची तारीख... ती कळवू."

ती तारीख अजून कळवलेली नाही. मी चौकशीही केलेली नाही. सासरे रोज सकाळी होडीवर जातात आणि वारा बरा असला तर मला दोऱ्या ओढायला नेतात. कार्यालयाच्या खिडकीखालून जाताना मी मान खाली घालतो आणि पाय न वाजवता चालतो. माझा अर्ज निकाली काढायला त्या इमारतीत कुणी बसलेलं नाही ना, एवढीच खात्री करून घेतो, आणि होडीत पाय टाकतो.